छिद्रांतलं ऊन

लोखंडाचा उन्हाळा सरळ असतो. तापलं की वाढलं, निवलं की आटलं, आणि हिशेब एका ओळीचा: मीटरभर लांबीला दर अंशामागे ०.०१२ मिलिमीटर. सागवानाच्या तुळईचा, सिमेंटच्या बीमचा, विटेचा, बांबूचा उन्हाळा असा एका ओळीत बसत नाही. या सगळ्यांच्या पोटात मोकळ्या जागा आहेत. त्या जागांत कधी हवा असते, कधी पाणी, कधी वाफ. २५ मेपासूनच्या नवतप्यात, म्हणजे उन्हाच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५च्या पलीकडे जातो, तेव्हा घरातली प्रत्येक आडवी गोष्ट हलते. कोणती वर उचलली जाते, कोणती खाली झुकते, हे मात्र ऊन ठरवत नाही. ते ठरतं छिद्रांत काय भरलंय त्यावर.

आधी रिकाम्या छिद्रापासून सुरुवात करू. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चढवताना ही गोष्ट उघड्यावर दिसते. चाकाचा व्यास १.४ मीटर धरला तर परीघ साधारण ४.४ मीटर भरतो. लोहार धाव त्याहून १२ ते १५ मिमी आखूड ठेवतो आणि गोवऱ्यांच्या जाळात लालसर होण्याच्या थोडं अलीकडेपर्यंत तापवतो. तापमान ४०० अंशांवर गेलं की धावेचा घेर जवळपास १९ मिमीने वाढतो. मग सांडशीने उचलून ती चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. निवता निवता धाव आवळते, घेराचे लाकडी पाटे एकमेकांवर दाबले जातात, आरे मधल्या तुंब्यात घट्ट बसतात. यात एक गोष्ट नवख्याला पटत नाही. लोखंड सगळीकडून फुगतं, तर मधलं भोक लहान व्हायला हवं ना? होत नाही. भोकसुद्धा मोठं होतं, जणू त्या जागी लोखंडच भरलेलं आहे अशा बेताने.

कडं एक असो की लाख छिद्रं असलेला दगड, नियम तोच. सगळा तुकडा सारखा तापला आणि त्याला कुणी धरून ठेवलं नसेल, तर सच्छिद्र आणि भरीव तुकडा अगदी सारखा वाढतो. पोकळीमुळे प्रसरण कमीही होत नाही आणि वाढतही नाही. बांधकामाच्या गप्पांत 'पोकळ आहे, म्हणून कमी फुगेल' असं ऐकू येतं, ते चूक.

फरक पडतो कडकपणात. फेसासारख्या पदार्थांसाठी संशोधक गिब्सन आणि अॅशबी यांनी मांडलेला ठोकताळा असा, की घनता निम्मी झाली तर कडकपणा निम्मा होत नाही, पाव होतो. लाकडाची गोष्ट थोडी वेगळी, कारण त्याची छिद्रं म्हणजे उभ्या नळ्या आहेत. चांगल्या सुक्या सागवानाचं एका घनमीटरचं वजन साधारण ६५० किलो. पेशींच्या भिंतींचा जो मूळ पदार्थ आहे तो मात्र १५०० किलोच्या घरात जातो. म्हणजे गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातला सागही निम्म्याहून जास्त रिकामाच. तरी नळ्यांच्या दिशेने तो भक्कम राहतो, आणि आडव्या दिशेने त्याचा कडकपणा उभ्याच्या पंधरा-विसाव्या भागावर येतो. तुळई भिंतीवर टेकते तिथे भार नेमका आडवा येतो आणि नळ्या चेपतात. पुष्कळदा 'तुळई वाकली' असं वाटतं, पण ती वाकलेली नसते, टोकाशी दबलेली असते. टेकण किमान १५० मिमी ठेवावं आणि मातीच्या भिंतीत तुळईखाली सपाट दगड द्यावा. जुन्या वाड्यांत तो दगड हमखास सापडतो.

कडकपणा कमी असण्याचा एक फायदा उन्हाशी थेट जोडलेला आहे. दोन्ही टोकं घट्ट धरलेला पदार्थ तापला की त्याला वाढता येत नाही आणि आत ताण साठतो. तो ताण म्हणजे कडकपणा, प्रसरण आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. छिद्रं वाढली की कडकपणा झपाट्याने उतरतो आणि ताणही उतरतो. ताकदही उतरते, पण कडकपणाइतकी नाही. म्हणून चुलीच्या मातीत कुटार (धान्याचा भुसा) मळतात. काड्या जळून गेल्या की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. अशी चूल रोज पेटते नि रोज निवते, तरी फाटत नाही. भेग पुढे सरकत पोकळीपर्यंत आली की तिचं टोक बोथट होतं आणि ती तिथेच थांबते. तीच चूल ओली असताना जोरात पेटवली तर मात्र पहिल्याच दिवशी तडकते, कारण तेव्हा छिद्रं रिकामी नसतात.

इथून गुंतागुंत सुरू होते. पाण्याचं प्रसरण भोवतालच्या घन सांगाड्याच्या दहापट असतं. भरलेलं छिद्र तापलं की पाणी सांगाड्याला आतून ढकलतं. हळूहळू तापलं तर पाणी वाट काढून बाहेर पडतं आणि दाब उतरतो. भराभर तापलं तर वाट अपुरी पडते. ओल्या मातीतून पाणी दाबाने कसं बाहेर पडतं याचा सैद्धांतिक पाया मृदा-अभियंते तेर्झागी यांनी १९२५च्या सुमारास घातला. मॉरिस बिओ यांनी १९४१ साली तो तिन्ही दिशांना लागू केला आणि १९५६ साली उष्णतेचं गणितही नीट बसवलं. १९८३ साली कोविन आणि नुन्झियातो यांनी वेगळी बाजू धरली. छिद्रांत द्रव नसला तरी छिद्रांचं आकारमान स्वतःच्या गतीने बदलू शकतं, आणि तो बदल वाकण्यापासून वेगळा मोजायला हवा, असं त्यांनी मांडलं. त्यामुळे तापलेल्या सच्छिद्र बीमच्या समीकरणांत एकाऐवजी तीन गोष्टी एकमेकींत अडकतात: वाक, तापमान आणि पोकळीचा वाटा. तिघींचा वेग वेगळा असतो. कागदावर हे रुक्ष दिसतं, पण घराच्या छतात ते रोज घडतं.

सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबपासूनच बघा. खोली ४ मीटरची, स्लॅब १२० मिमी जाड, मे महिन्यातली दुपार. वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे गेलेला, खालचा ४०च्या आसपास. वरचा थर जास्त लांबतो, खालचा कमी, आणि स्लॅब मधोमध वर उचलला जातो. किती? प्रसरण (मीटरला दर अंशी ०.०१० मिमी) गुणिले तापमानातला फरक गुणिले लांबीचा वर्ग, भागिले जाडीची आठपट. फरक २० अंशांचा धरला तर उत्तर येतं ३.३ मिमी. भार खाली ओढत असतो, आणि ऊन त्याच वेळी वर उचलत असतं. रात्री गच्ची आकाशाकडे उष्णता टाकू लागली की वरचा भाग खालच्यापेक्षा थंड होतो आणि स्लॅब उलट्या बाजूला झुकतो. रोज हेच. ४ मीटरचा आकडा ५ मीटर केला की फुगवटा दीडपटीच्या वर जातो, कारण लांबी वर्गात येते. मोठ्या हॉलच्या घरात तक्रारी जास्त, त्याचं हे एक कारण.

टोकं मोकळी असतील तर या वाकण्याने काही बिघडत नाही. बिघाड होतो तो अडवल्यावर. कडेने पॅरापेट बांधलेली, स्लॅब भिंतीच्या विटांवर थेट ओतलेला, प्लास्टर दोघांवरून अखंड नेलेलं. वाकायला पूर्ण मज्जाव केला तर घरबांधणीतल्या नेहमीच्या एम-२० दर्जाच्या काँक्रीटमध्ये एवढ्या फरकाने सव्वादोन न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास ताण तयार होतो. त्या काँक्रीटची वाकताना फाटण्याची मर्यादा तीनच्या जवळपास असते. बाकी ताण सुकण्याने येणारं आकुंचन पुरं करतं. शिवाय १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी सगळाच तापला तर आडवा ३ मिमी सरकतो आणि खालची सावलीतली भिंत जागची हलत नाही. स्लॅबच्या अगदी खाली, दक्षिण आणि पश्चिम अंगाला, सरळ आडवी भेग दिसते ती हीच. मिस्त्री ती सिमेंटने भरतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती परत उघडते. हा भरणाऱ्याच्या हाताचा दोष नाही.

कूलर यात भर घालतो, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. खोली थंड झाली की स्लॅबची खालची बाजू उतरते आणि वरची तशीच राहते. फरक २०चा २५ झाला तर फुगवटा ३.३वरून ४.२ मिमीवर जातो. म्हणजे ज्या खोलीत माणसाला सुख, त्याच खोलीच्या छताला जास्त ओढ. यावर कूलर बंद करणं हा उपाय नव्हे. उपाय गच्चीवर करायचा. काळपट सिमेंट सूर्यप्रकाशाचा मोठा भाग पिऊन घेतं, पांढरा चुना तो परतवतो, आणि दुपारी वरचा पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी थंड राहतो. चुना रात्रभर भिजवायचा, कापडातून गाळायचा, थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटवणारा पदार्थ मिसळून दोन-तीन हात मारायचे. आधी गच्ची घासून धुवायची, नाहीतर धुळीवरचा चुना पहिल्या वाऱ्यात पापुद्र्यांनी उडतो. पावसाळा तो धुऊन नेतो, म्हणून दर वर्षी होळीनंतर पुन्हा.

भार विटांच्या भिंतींवर घेणारं नवं घर असेल तर सर्वांत स्वस्त इलाज स्लॅब ओतण्याआधीच करावा लागतो. भिंतीच्या माथ्यावर १:३चं (सिमेंट:रेती) गुळगुळीत प्लास्टर करायचं, सुकू द्यायचं, त्यावर जाड प्लास्टिकचे किंवा डांबरी कागदाचे दोन थर अंथरायचे आणि मग सेंट्रिंग बांधून ओतायचं. छताचं प्लास्टर आणि भिंतीचं प्लास्टर जिथे भेटतात तिथे १० मिमीची खाच कापायची. स्लॅब त्या खाचेत सरकतो आणि भेग दिसत नाही. कॉलम-बीमच्या घरात ही पद्धत लागू नाही. तिथे बीम आणि खालची भिंत यांच्यामधली फट मऊ पदार्थाने भरतात. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून केलेले, आत हवेचे बुडबुडे असलेले हलके एएसी ब्लॉक हल्ली गावोगावी पोचले आहेत. त्यांच्या बाबतीत ही फट टाळून चालतच नाही. या ब्लॉकचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग पोकळी असतो, ते ओले असताना बांधले की सुकताना आक्रसतात, आणि बीमशी त्यांचा सांधा पहिल्याच उन्हाळ्यात उकलतो.

आता गोष्टीचं उलटं टोक. वर सगळीकडे आपण असं धरलं, की छिद्रं आधीपासून आहेत आणि ऊन त्यांच्यावर काम करतं. पण विदर्भात मे महिन्यात ओतलेल्या बीममध्ये ती छिद्रंसुद्धा ऊनच घडवतं. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी पुरतं, आणि रेतीतली ओलही त्यातच धरायची. दुपारी बाराला ओतायला घेतलं की मिश्रण अर्ध्या तासात घट्ट होतं, खोऱ्याला जड लागतं, आणि कोणीतरी अर्धी बादली पाणी वाढवतं. सात-आठ लिटर. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५वरून ०.६५वर गेलं. सिमेंटला खऱ्या अर्थाने लागतं त्याहून जास्तीचं हे पाणी पुढे उडून जातं आणि आपली जागा रिकामी सोडून जातं. त्या बारीक नळ्यांतून बीम आयुष्यभर पाणी पितो आणि सोडतो. गिट्टीत नीट व्हायब्रेटर न फिरल्याने राहिलेली हवेची भोकं वेगळीच. अशी ५ टक्के पोकळी ताकद सुमारे ३० टक्क्यांनी पाडते.

म्हणून उन्हाळ्यात ओतायचं तर सूर्य कलल्यावर. गिट्टीच्या ढिगावर सकाळपासून पाणी शिंपडून ठेवायचं आणि ते ओतण्याआधी निथळू द्यायचं. फळ्या ओल्या करायच्या, पाण्याची टाकी सावलीत ठेवायची. ओतून झाल्यावर वरून ओला बारदाना. कोरड्या वाऱ्यात चौरस मीटरवरून तासाला एक लिटरहून जास्त पाणी उडू लागलं की कोवळं काँक्रीट घट्ट होण्याआधीच वरून चिरतं, आणि लू सुटलेल्या दुपारी ही हद्द सहज ओलांडली जाते. दुसऱ्या दिवशी मातीचे आळे करून ५० मिमी पाणी तुंबवायचं. उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस असं काँक्रीटची भारतीय प्रमाणसंहिता सांगते. गावात मिळणारी बहुतेक गोणी राखमिश्रितच असते, तेव्हा १४ धरावेत. पाचव्या दिवशी टँकर आला नाही म्हणून आळे सुकलं, तर वरचा थर कच्चा आणि सच्छिद्र राहतो. ऊन सर्वांत जास्त काम करतं ते त्याच थरावर.

लाकडाकडे वळलं की सगळी चिन्हं उलटतात. सागवानाचं उष्णतेने होणारं प्रसरण उभ्या दिशेने नगण्य आहे, मीटरला दर अंशी ०.००४ मिमीच्या आसपास. आडवं त्याच्या कितीतरी पट. पण हे आकडे विदर्भात जवळपास निरुपयोगी आहेत, कारण ऊन लाकडाला तापवतं त्याहून जास्त सुकवतं. ऑगस्टमध्ये लाकडात वजनाच्या १६-१७ टक्के ओल मुरते. मे महिन्यात, दुपारची आर्द्रता १५-२० टक्क्यांवर उतरलेली असताना, तीच ओल ४ टक्क्यांच्या आसपास येते. १५० मिमी रुंदीची दाराची फळी घ्या, चक्राकार रेषांच्या दिशेने कापलेली. २० अंश तापून ती वाढते ०.०९ मिमी. १२ टक्के ओल गमावून ती आक्रसते साडेतीन मिमी. चाळीसपट, आणि उलट दिशेने. जुलैत जे दार लाथ मारून लावावं लागतं, त्याच दाराच्या फटीतून एप्रिलमध्ये बाहेरचं अंगण दिसतं. चाकाची धाव ढिली होते तीही अशीच. लोखंड थोडं फुगलेलं असतं, पण ती ढिली होण्याचं मुख्य कारण आतलं लाकूड आटणं. म्हणून गाडीवान चाकावर ओला बारदाना टाकतो किंवा गाडी नाल्याच्या पाण्यात उभी करतो. तो छिद्रं भरत असतो.

तुळईत हाच प्रकार वाक घडवतो. कवेलूंच्या (छपराच्या कौलांच्या) खालची तुळई वरून जास्त सुकते. वरचा थर आटतो, खालचा मागे राहतो, म्हणजे स्लॅबच्या बरोबर उलटं: स्लॅब मध्ये उचलला जातो, तुळई मध्ये झुकते. १०० गुणिले २०० मिमीची, ३.६ मीटर गाळ्याची तुळई धरू. वर आणि खाली ओलीत ३ टक्क्यांचा फरक पडला तर एक-सव्वा मिमी झोळ, म्हणजे मधला भाग तेवढा खाली. वर-खाली १५ अंशांचा फरक उलट बाजूला अर्धा मिमी उचलतो. ओल जिंकते, पण दोघांचं घड्याळ वेगळं. उष्णता २०० मिमी लाकडातून काही तासांत पोचते. ओलीला तेवढ्याच जाडीतून यायला वर्षाच्या आसपास लागतं. जाड तुळईचा गाभा म्हणून मधल्याच कुठल्यातरी आकड्यावर स्थिर असतो आणि बाहेरचा इंचभर थर तेवढा ऋतूंबरोबर श्वास घेतो. बाहेरचा आटतो, आतला आटू देत नाही, आणि पृष्ठभागावर उभ्या चिरा पडतात. नळ्यांच्या दिशेने गेलेल्या या चिरा बघून लोक घाबरतात. बहुतेक चिरा निरुपद्रवी असतात. आडव्या किंवा तिरक्या जाऊन कडेला फुटलेल्या चिरांकडे मात्र दुर्लक्ष करू नये.

एक बाब अजून उरते, आणि मला ती सगळ्यांत रंजक वाटते. गरम लाकूड नरम होतं. २० अंशांचं ५० अंशांवर नेलं तर कडकपणा सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. सुकं लाकूड कडक होतं, आणि मे महिन्यात सुकण्याचा फायदा तापण्याच्या तोट्याहून मोठा असतो. मग तुळई उन्हाळ्यात सर्वांत ताठ असायला हवी. शिवाय पावसाळ्यात कवेलू पाणी पिऊन जड होतात, म्हणजे झोळ श्रावणात वाढायला हवा. प्रयोगांत दिसतं ते वेगळं. भाराखालचं लाकूड ओलं-सुकं होत राहिलं की प्रत्येक सुकण्याच्या फेऱ्यात झोळ वाढतो, ओलं होताना थोडासा उतरतो, आणि पुढच्या सुकण्यात आधीच्या जागेपलीकडे जातो. १९६०च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन यांच्या प्रयोगांतून हे पुढे आलं. पाणी पेशीभिंतीतून ये-जा करताना तिथले बंध सुटतात आणि भार आधीच वाकवत असल्यामुळे वाकलेल्या जागीच पुन्हा जुळतात. कायम ओलं किंवा कायम सुकं लाकूड एवढं झुकत नाही. ४ टक्के ते १७ टक्के असा दरवर्षीचा झोका सोसणाऱ्या आपल्या भागात तुळयांचा कस जास्त लागतो, त्याचं कारण हा फेरा आहे. नुसतं ऊन तेवढं करू शकत नाही.

आकड्यांत: वरच्या तुळईवर मीटरला २०० किलो भार असेल तर पहिल्या दिवशीचा झोळ साडेसहा मिमी. लाकूड नीट सुकलेलं असेल तर काही वर्षांत जवळपास तेवढाच आणखी. भार कायम असताना तापमान २८ अंशांनी जास्त राहिलं तर हे सावकाश झुकणं दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. आणि लाकूड ओलंच बसवलं, भाराखाली सुकू दिलं, तर मूळ झोळाच्या चार ते सहा पट. साडेसहाचे पंचवीस ते चाळीस मिमी, म्हणजे जेवताना मान वर केली तरी दिसेल इतके. घाईचं घर आणि ताजा साग ही जोडी म्हणून वाईट.

सुकवायचं ते दिवाळीनंतर. सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच ओट्यावर, प्रत्येक थरामध्ये २५ मिमीच्या सारख्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत. त्या वाकड्यातिकड्या ठेवल्या तर ढिगातच फळ्या लहरतात. टोकांना डांबर किंवा जाड रंग फासायचा, कारण नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात आणि पाणी तिथूनच धावत सुटतं, म्हणून टोकं आधी फाटतात. वर वजन ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये ढीग रचला तर लाकूड लवकर सुकेल खरं, पण बाहेरचा थर कडक होऊन आतली ओल कोंडली जाते, आणि असं लाकूड करवतीखाली आलं की वाकडं होतं. तुळई बसवताना तिची दोन्ही टोकं भिंतीत गच्च चिणू नयेत. बाजूने बोटभर हवा राहू द्यावी.

बांबूबद्दल थोडंच. मानवेल जवळजवळ भरीव, कटांग पोकळ, पण दोघांच्याही भिंतीत धागे बाहेरच्या अंगाला दाट आणि आत विरळ असतात. वाकताना ताण बाहेरच जास्त येतो, तेव्हा माल तिथेच रचलेला. धातूच्या फेसाचे 'थराथराने बदलत जाणारी छिद्रं' असलेले बीम संशोधक आज करतात, त्यांची कल्पना हीच. वाकडा बांबू सरळ करायला बुरूड तो जाळावर फिरवतो. ओल्या पेशींतला लिग्निन (धागे जोडून ठेवणारा पदार्थ) ८० ते १०० अंशांच्या आसपास मऊ होतो, मग दाबून धरायचं आणि निवेपर्यंत सोडायचं नाही. लवकर सोडला की परत जागेवर. बंद पेरं मात्र धोक्याची. कोंडलेली हवा १५० अंशांना दाब दीडपटही करत नाही, पण आतल्या ओलीची वाफ त्याच तापमानाला नेहमीच्या हवेच्या दाबाच्या पावणेपाच पटीच्या घरात दाब देऊ शकते. बांबू बंदुकीसारखा फुटतो तो तिच्यामुळे. म्हणून पेरांना बारीक भोक पाडतात, किंवा जाळ सारखा फिरता ठेवतात.

आपल्या घरात नक्की काय चाललंय हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. तुळईच्या बाजूला दोन्ही टोकांशी सारख्या उंचीवर खिळे ठोका, त्यांच्यामध्ये तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) ताणून बांधा आणि मधोमध तंगूस ते तुळईवरची खूण एवढं अंतर मिमीत लिहून ठेवा. पहाटे मोजा, म्हणजे दिवसाच्या उष्णतेचा गोंधळ येत नाही. एकदा मेच्या शेवटी, एकदा ऑगस्टच्या शेवटी. मेचा आकडा दर वर्षी वाढतोय, पण वाढ घटत चालली आहे, तर तुळई बसते आहे. वाढ दर वर्षी तेवढीच किंवा जास्त असेल तर मधे टेकू देण्याची वेळ आली. स्लॅबसाठी उलटं: एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी चारला मोजा, ३-४ मिमीचा फरक स्वाभाविक धरा.

भेगेवर पेन्सिलने आडव्या दोन रेघा मारून त्यांच्यातलं अंतरही असंच बघता येतं. सकाळ-दुपार उघडझाप होत असेल तर ती उन्हाची भेग. तिच्यात सिमेंट भरू नये, ताणलं जाणारं सीलंट भरावं. दिवसभरात हलत नाही, पण मे महिन्यात रुंद आणि सप्टेंबरमध्ये अरुंद होते, शिवाय तिरकी जाऊन खिडकीच्या कोपऱ्याला भिडते, ती भेग छताची नाही. खालची काळी माती उन्हाने आटते आणि पावसाने फुगते, तिची आहे. तिथे गच्चीवर चुना मारून उपयोग नाही. पाया किती खोल गेलाय आणि सांडपाणी त्याच्या कडेला मुरतंय का, ते बघावं लागतं.